लक्ष्मी गोडबोले आमच्या अंगणात

लक्ष्मी गोडबोले या बाईंचा विषय निघाला की आमच्या टोकावड्याकडच्या बायका पहिल्यांदा त्यांच्या लुगड्याबद्दल बोलतात. मग चालीबद्दल, मग हाताच्या उरकाबद्दल. या बाई म्हणजे कमल हासन, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं, पण ते कुणी मुद्दाम बोलून दाखवत नाही. लग्नघरात नवरीच्या आईचं वय जसं कुणी काढत नाही, तसं.

त्यांचा 'चाची 420' हा सिनेमा लागला 1997च्या डिसेंबरात. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या घरापर्यंत पोचायला त्याला पुढचा वैशाख उजाडला, आणि तेवढं बरंच लवकर झालं म्हणायचं. तसा तो आधीच पुष्कळ प्रवास करून आलेला होता. अ‍ॅन फाइन या इंग्रज लेखिकेने 1987 साली मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. घटस्फोट झालेला बाप आपल्या मुलांजवळ राहता यावं म्हणून म्हाताऱ्या दाईचं सोंग घेतो आणि आपल्याच बायकोकडे कामाला लागतो, अशी तिची गोष्ट. 1993मध्ये त्या गोष्टीने अमेरिका गाठली, 'मिसेस डाउटफायर' झाली, रॉबिन विल्यम्सने ती दाई केली आणि त्या मेकअपला ऑस्कर मिळालं. 1996च्या दिवाळीत ती मद्रासला आली आणि कमल हासनच्या अंगावर तमिळ ब्राह्मणी नऊवारी चढली, सिनेमा 'अव्वै षण्मुगी'. वर्षभराने हिंदीत येताना तीच बाई मराठी झाली. काष्ट्याचं नऊवारी, अंबाडा, कपाळाला कुंकू आणि आडनाव गोडबोले. हिंदीचं दिग्दर्शन कमल हासननेच केलं. संवाद आणि गाणी गुलजारांची, संगीत विशाल भारद्वाजचं. एवढ्या मोठ्या माणसांनी मिळून मुंबईच्या श्रीमंत घरात भरवशाची कामाची बाई कोण शोभेल याचा विचार केला आणि त्यांना मराठी बाई सुचली. यात अभिमान वाटून घ्यावा की राग धरावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्याकडे सत्यनारायण म्हणजे संध्याकाळी पूजा, रात्री जेवणं आणि त्यानंतर व्हिडिओ. यातला तिसरा विधी चुकला तर पूजा सांग झाली असं गाव मानत नसे. मुरबाडहून व्हिडिओवाला एम-एटीवर यायचा, मागे बसलेल्या पोराच्या मांडीवर रंगीत टीव्ही, पुढच्या डिकीत व्हीसीआर आणि पिशवीत कॅसेटी. एका रात्रीच्या सौद्यात तीन पिक्चर. अंगण सारवलेलं, मांडवाला केळीचे खांब, टीव्ही ओट्यावरच्या टेबलावर. पुरुष खाटांवर आणि बाजूच्या दगडी जोत्यावर, बायका-पोरं गोणपाटांवर, आणि वेशीपलीकडची ठाकरवाडी पेंढ्याच्या उडवीला टेकून.

1998च्या वैशाखात माझ्या मुलीचं जावळ काढलं, त्या निमित्ताने आमच्या अंगणात पूजा झाली. मी तेव्हा घरातली धाकटी सून. कॅसेटींवरून नेहमीप्रमाणे भांडण झालं. सासूबाईंना आणि त्यांच्या बरोबरीच्या बायकांना 'माहेरची साडी' हवा होता. 1991मध्ये आलेला तो पिक्चर त्यांचा इतक्या वेळा पाहून झालेला की अलका कुबलला पुढे काय सोसायचंय हे त्या तिला आधीच ओरडून सांगायच्या. पुरुषांना 'अशी ही बनवाबनवी' पाहिजे होता. माझा दीर तेव्हा कल्याणच्या कॉलेजात जायचा, एसटीने रोज जा-ये. त्याने परस्पर 'चाची 420'ची कॅसेट सांगून ठेवली होती. "अप्पू राजाचा हाय," एवढं एकच त्याने सांगितलं आणि तो पहिला लागला. कमल हासनला आमच्याकडे त्या बुटक्या सर्कसवाल्यामुळे ओळखत. 'एक दूजे के लिये' माहीत असलेल्या बायकाही होत्या, पण त्या पिक्चरचं नाव सासूसासऱ्यांसमोर घ्यायची पद्धत नव्हती.

पुरुषाने लुगडं नेसणं ही काही आमच्या भागात नवलाची गोष्ट नव्हती. माझं माहेर मुरबाड-कर्जत रस्त्यावर, म्हसाच्या जवळ. पौष पौर्णिमेला तिथे खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, पाळणे, आणि रात्री तमाशाचे फड. बायकांनी तमाशाला जायचं नाही, हा नियम. पण कनातीला भोक पाडायचं नाही असा नियम कुणी केलेला नव्हता. माझ्या थोरल्या भावाने पाडलेल्या भोकातून मी पहिल्यांदा गवळणीतली मावशी पाहिली. चांगला दणकट बाप्या, डोक्यावरून पदर, कमरेवर हात, कृष्णाशी हुज्जत घालतोय. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी सगळ्या खऱ्या बायका आणि त्यांची म्होरकी तेवढी पुरुष, हे मला त्या वयात अजिबात विचित्र वाटलं नाही. आमच्या शेजारच्या आत्या तशाच दिसायच्या.

शहापूर, मोखाड्याकडे गेलं तर बोहाडा. उन्हाळ्यात रात्र रात्र चालणारा, संबळ-सनईच्या तालावर एकेक सोंग मुखवटा चढवून टेंभ्यांच्या उजेडात नाचत येणार. त्यात देवीही पुरुषच. साडी नेसलेला, देवीचा मुखवटा घातलेला माणूस समोर आला की बायका पाया पडतात. सकाळी तोच माणूस बैलांना पाणी पाजताना दिसला तर त्याला कुणी हसत नाही. शहरातल्या लोकांना बालगंधर्वांचा अभिमान, तो रास्तच आहे. पण शालू-पैठणी नेसून उभं राहणारी त्यांची परंपरा आणि आमच्या मावशीची परंपरा यांच्यात एक मोठा फरक होता. गंधर्वांकडे पाहून बायका नेसायला शिकत. आमच्या मावशीकडे पाहून भांडायला शिकत.

'बनवाबनवी' 1988चा. सचिन पिळगांवकरचा पिक्चर, वसंत सबनीसांचं लिखाण, आणि मुळात 1966च्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला. आम्ही तो म्हसाच्या जत्रेत टुरिंग टॉकीजच्या तंबूत पाहिला. पुण्यात भाड्याने खोली मिळावी म्हणून लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती होते आणि सचिनची सुधा. 'मोरूची मावशी' मी त्यानंतर पाहिली. लंडनच्या रंगभूमीवरचं 1892 सालचं 'चार्लीज आन्ट' अत्र्यांनी मराठीत आणलं, आणि ऐंशीच्या दशकात सुयोगने ते पुन्हा उभं केलं तेव्हा विजय चव्हाणांनी त्यात जो धुमाकूळ घातला, तो पाहून माझी जाऊ खुर्चीतून खाली सरकली होती. त्या नाटकात मावशी लागते ती पोरींना घरी बोलावता यावं म्हणून. म्हणजे कुणी खोलीसाठी, कुणी पोरींसाठी, कुणी पोटासाठी लुगडं नेसलेलं आम्ही पाहिलं होतं. स्वतःच्या पोरासाठी लुगडं नेसलेला बाप्या त्या रात्री पहिल्यांदा पाहिला. माझ्या मते सगळी गंमत आणि सगळा जीव या एका गोष्टीत आहे, बाकीचा पिक्चर म्हणजे दरवाज्यातून आत-बाहेर धावपळ.

पिक्चर सुरू झाला. माझ्या शेजारी नानी बसल्या होत्या. या माझ्या चुलत सासूबाई. सबंध वाडीत बाळंतपणापासून भांडणापर्यंत सगळ्याला त्यांना बोलवत. कोर्टाचा प्रसंग आला. जयप्रकाश पासवान हा सिनेमात नाच बसवणाऱ्याचा मदतनीस, त्याची बायको जानकी म्हणजे तब्बू, मोठ्या घरची. सासरा दुर्गाप्रसाद भारद्वाज, म्हणजे अमरीश पुरी, पैशाचा तोरा वेगळा आणि जातीचा वेगळा. घटस्फोट होतो, लहानगी भारती आईकडे जाते आणि बापाला आठवड्यातून एकदा भेट.

"पोर आईकडं?" नानी एकदम म्हणाल्या. "ह्ये कंचं कोरट?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. नवरा-बायकोने वेगळं होणं आमच्याकडच्या माणसांना काही शहराकडून शिकायचं नव्हतं. पंचांसमोर बसायचं, घेतलं-दिलं परत करायचं, काडी मोडायची, फारकत झाली. बाईचा पुन्हा पाट लागायचा, दुसऱ्या घरी ती नांदायची, आणि तिला त्याबद्दल जन्मभर कुणी टोचत बसायचं नाही. 1955च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीने होत आलेल्या अशा काडीमोडीला हात लावलेला नाही. पण या सगळ्या मोकळेपणात एक गोष्ट पक्की असायची. पोर बापाच्या घरात राहायचं. बाई अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर पडायची आणि जत्रेत, लग्नात, कुठे दिसलं तर लांबून पोराकडे बघायची. आमच्या अंगणात त्या रात्री अशा दोघी तरी बसलेल्या होत्या. पोर आईला मिळालं आणि तळमळतोय बाप, हे पडद्यावर पाहताना त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला सांगता येणार नाही. एक जण पूर्ण वेळ पदराचं टोक दातात धरून बसली होती, एवढं आठवतं.

मग जॉनी वॉकर आले. या पिक्चरमध्ये ते जोसेफ नावाचे दारुडे मेकअपवाले आहेत. पडद्यावरचं त्यांचं हे शेवटचंच काम. 2003मध्ये ते गेले. पुरुषांच्या खाटांवरून "जॉनीभाय, जॉनीभाय" असा गलका झाला, कारण जुन्या माणसांना ते घरचेच. त्यांनी जयप्रकाशच्या तोंडावर काय काय चोपडलं आणि लक्ष्मी गोडबोले उभ्या राहिल्या.

अंगण शांत. सगळ्या बायका नानींकडे बघायला लागल्या.

नानींनी वरपासून खालपर्यंत निरखून निकाल दिला. "ब्राह्मणी नेसण हाय. घोट्यापातूर सोडलंय. आवणीला उतरली तर पहिल्याच खाचरात तोंडावर पडल." थोड्या वेळाने, "हात बघ. भाकर थापल्याला हात नाय तो." आणि शेवटी, जरा मोठ्या मनाने, "पण चालती बरी."

आमच्याकडचं लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट, काम करायचं. गोडबोले बाईंचं घरंदाज, पायघोळ. त्या फरकात पिक्चरची एक गोष्ट दडलेली आहे, जी मला पुष्कळ नंतर कळली आणि नानींना त्याच रात्री कळली. पासवान म्हणून ज्या माणसाला त्या घराने जावई मानलं नाही, त्यालाच गोडबोले म्हटल्यावर त्याच घराने मानाने आत घेतलं. माणूस तोच, हात तेच. घरातला मुका स्वयंपाकी ब्राह्मण म्हणून वावरतो, प्रत्यक्षात तो मुसलमान शिराज. तोंड उघडलं तर बोलीवरून ओळखू येईल म्हणून मुका झालेला. नानी म्हणाल्या, "त्या घरात खरं नाव सांगून कोण शिरलंय, सांग बरं मला." गुलजारांनी संवाद लिहिले ते ठीकच, पण हे एक वाक्य त्यांना आमच्या अंगणात ऐकायला मिळालं असतं.

हसून हसून लोक आडवे झाले ते अमरीश पुरीवर. ज्या माणसाला पोरं 'मोगॅम्बो' म्हणून घाबरायची तो नऊवारीतल्या चाचीवर भाळतो, लाजतो, केस सारखे करतो! परेश रावलचा घरमालक हरिभाई तिच्या मागे वेगळाच. आणि सगळ्यांवर संशय घेत फिरणारा ओम पुरीचा बनवारीलाल. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, सहसा हसत नसत. त्यांच्यासमोर घरात मोठ्याने बोलायचीही सोय नव्हती. ते ओट्याच्या कडेला खांबाला टेकून बसले होते. अमरीश पुरी चाचीला बघून विरघळला तसा त्यांच्याकडून एक आवाज आला. आम्हाला वाटलं ठसका लागला. सासूबाई पाणी घेऊन उठल्यासुद्धा. ते हसत होते.

पण ती लहान पोर फटाक्यांनी भाजते आणि चाची तिला उचलून धावत सुटते, तिथे कुणी हसलं नाही. ज्या प्रसंगामुळे तिला त्या घरात नोकरी मिळते तो हा. नेसण, पदर, लाजणं, बारीक आवाज काही आठवत नाही त्या माणसाला, नुसता पळतोय.

"आता बाप दिसला," नानी म्हणाल्या.

इथे मला आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी आमच्याकडे बाप आपलं मूल वडीलधाऱ्यांसमोर उचलून घेत नसे. भावाचं घ्यावं, बहिणीचं घ्यावं, शेजाऱ्याचं खांद्यावर बसवून म्हसाची जत्रा फिरवून आणावं, त्याला हरकत नाही. स्वतःचं मात्र आपल्या वडिलांसमोर घ्यायचं म्हणजे निर्लज्जपणा. आमच्या ह्यांनी माझ्या मुलीला खोलीच्या दारामागे जेवढं काय घेतलं असेल तेवढंच. ती रडत दुडुदुडु त्यांच्याकडे गेली तर हे छपराकडे बघायचे. प्रेम नव्हतं असं नाही. मुरबाडला बाजाराला गेले की तिच्यासाठी गोड बिस्किटांचा पुडा आणायचे आणि तो माझ्याकडे न देता सासूबाईंकडे द्यायचे, जणू घरखर्चाचाच आहे. तर अशा अंगणात, अशा बापांच्या पुढ्यात, एका बापाने पोरीला कुशीत घेता यावं म्हणून सबंध बाई व्हायचं ठरवलं होतं. त्या सगळ्या तरण्या बापांपैकी किती जण तेव्हा छपराकडे बघत होते, ते मी मोजलं नाही.

आणि नेमकी शेवटाच्या तोंडावर लाईट गेली.

वैशाखातल्या पूजेला लाईट न जाणं हे अपशकुनात मोडत असावं, इतक्या नेमाने ती जायची. लोक थांबले. कुणी कंदील आणला, कुणी चहा टाकला, ठाकरवाडीतल्या पोरांनी अंधारात चाचीसारखं चालून दाखवायला सुरुवात केली. पहाटेपर्यंत लाईट काही आली नाही. व्हिडिओवाल्याला सकाळी दुसऱ्या गावाला जायचं होतं. त्याने टीव्ही पोराच्या मांडीवर ठेवला, कॅसेटी पिशवीत टाकल्या आणि एम-एटीला किक मारली. लक्ष्मी गोडबोलेंचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही. 'बनवाबनवी' आणि 'माहेरची साडी' तर पिशवीतून बाहेरच आले नव्हते.

त्या सकाळची गोष्ट. मी आणि जाऊ मोठी भांडी घासायला मागच्या पडवीत. मुलगी झोपेतून उठली ती रडतच, आणि सरळ ओट्यावर गेली. तिथे हे, आणि तिथेच खांबाशी मामंजी तंबाखू मळत बसलेले. रडण्याचा आवाज वाढला. मी हात धुवून उठणार, तेवढ्यात रडणं थांबलं. दाराआडून पाहिलं तर ह्यांनी तिला उचललं होतं. उभे होते अवघडून, तिला अंगापासून हातभर लांब धरून, भाताचं पोतं धरावं तसंही नाही, कारण पोतं निदान छातीशी धरतात.

मामंजींनी तंबाखू तोंडात टाकली. "लुगडं आणू का रं?" त्यांनी विचारलं.

आत जावेच्या हातून परात पडली. हे लाल झाले, पण पोरीला खाली ठेवलं नाही. मामंजी त्यावर आणखी काही बोलले नाहीत. त्यानंतर आमच्या ओट्यावर ती रीत कधी मोडली म्हणून जाहीर झालं नाही. हळूहळू कुणाच्या लक्षात राहिली नाही एवढंच. पुढे धाकट्या दिराला मुलगा झाला तेव्हा तो त्याला सगळ्यांसमोर खांद्यावर टाकून फिरायचा, आणि मामंजी म्हणायचे, याला म्हणावं आता दूध पण पाज.

पाऊस आला. चिखळणी झाली, आवणी लागली. त्या वर्षी आमच्या खाचरांमध्ये 'चाची 420'चे जितके शेवट लावले गेले तितकी भाताची रोपंही लागली नसतील. कमरेत वाकून, पाठीवर प्लास्टिकच्या खोळी, हातात रोपांच्या मुठी, आणि गोष्ट एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी. सासूबाईंचा शेवट असा की अमरीश पुरी चाचीशी लग्न लावतो, आणि अंतरपाट दूर होताना तिचा अंबाडा सुटतो. जाऊ म्हणायची, जानकीला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. "नवऱ्याचा हात वळखायला येत नाय व्हय? मुद्दाम राबवून घेतला त्याला." या शेवटावर बायका इतक्या खूश झाल्या की एक अख्खं खाचर त्यातच संपलं. ठाकरवाडीतून मजुरीला येणारी एक म्हातारी ठामपणे म्हणाली की चाची देवी होती आणि तो बाप्या तिने धरलेलं सोंग होतं. बोहाडा पाहिलेल्या बाईला हा शेवट सुचणं साहजिकच होतं.

नानींचा शेवट सगळ्यांहून वेगळा. जानकीला खरं कळतं. ती म्हणते, फारकत झाली ती झाली, नवरा म्हणून तू मला नको. पण चाची पाहिजे. उद्यापासून सकाळी लवकर ये, पोरीचं सगळं कर, पगार चालू राहील.

"आन् तो येतो?" कुणीतरी विचारलं.

"यील नायतर काय. पोर तिथं हाय की."

खरा शेवट मी पाहिला तो काही वर्षांनी, घरी केबल आल्यावर. जयप्रकाश आणि जानकी पुन्हा एकत्र येतात. पिक्चर संपल्यावर मी जावेकडे पाहिलं, जावेने माझ्याकडे. आमचे शेवट बरे होते, असं दोघींनाही वाटत होतं. त्या भारतीचं काम केलेली पोर म्हणजे फातिमा सना शेख, ती पुढे 'दंगल'मध्ये कुस्ती खेळली. माझ्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. आणि ज्या कलमावरून चाचीला चारशेवीस म्हटलं ते कलमही आता त्या नंबराचं राहिलेलं नाही. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणूक 318व्या कलमात गेली. 'चाची 318' काही जिभेवर बसत नाही.

त्याच्या पुष्कळ आधी नानी डोळ्याच्या ऑपरेशनला माझ्या भाच्याकडे डोंबिवलीला होत्या, तेव्हा मी सोबतीला गेले होते. भाच्याकडे 'मिसेस डाउटफायर'ची डीव्हीडी होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा उघडा, अशा नानी सोफ्यावर मांडी घालून बसल्या आणि मी त्यांना इंग्रजीचं मराठी सांगत गेले. गोऱ्या दाईचा जाड लोकरी पोशाख, चष्मा, छातीला बांधलेलं सगळं सामान बघून त्यांनी मान हलवली. "आपल्या बायपरीस जास्त राबती ही." सॅन फ्रान्सिस्कोतलं ते घर त्यांना फार आवडलं. इतक्या जिन्यांच्या घरात पाणी कोण चढवतं, अशी शंका मात्र त्यांनी काढली. 2014मध्ये रॉबिन विल्यम्स गेले तेव्हा त्याच घरासमोर लोकांनी फुलं आणून ठेवल्याचं मी टीव्हीवर पाहिलं. त्या वेळी नानी नव्हत्या.

अमेरिकन पिक्चरचा शेवट वेगळा आहे. सोंग उघडं पडतं, कोर्ट बापाला फैलावर घेतं, आणि नवरा-बायको काही पुन्हा एकत्र येत नाहीत. ती फक्त एवढं करते की त्याला रोज शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन जाऊ देते. भाच्याची बायको शहरातली, ती म्हणाली, शी, किती वाईट शेवट, जुळायला हवं होतं. मी नानींना नीट समजावून सांगितलं. फारकत ती फारकत, घर वेगळंच राहिलं, पण हा रोज दुपारी पोरांकडे येतो.

नानी उघड्या डोळ्याने पडद्याकडे बघत राहिल्या.

"पगार?"

"पगार नाही नानी. आता बाप म्हणून येतो. फुकट."

"मंग बाय हुशार हाय," नानी म्हणाल्या. "आन् भांडी?"

ते काही पिक्चरमध्ये दाखवलं नव्हतं. भाच्याची बायको भाच्याकडे बघायला लागली.